पॅराशूट उघडल्यानंतर



निवेदकांनी माझी ओळख 'आकाशातून उड्या मारणारी आपली मैत्रीण' अशी करून दिली. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, हे त्यात राहून गेलं, म्हणून सांगून टाकते. ॲरिझोनात चँडलर नावाच्या गावात राहते, आठवडाभर कोड लिहिते आणि महिन्यातून एखाद-दोन शनिवारी तासाभराच्या अंतरावर इलॉयला जाऊन विमानातून उडी मारते. आजवर २१२ झाल्या. आमच्या खेळात हा आकडा किरकोळ आहे. तिथे पाच-पाच हजार उड्या मारलेली माणसं बाजूच्या बाकावर कॉफी पीत बसलेली असतात. तेव्हा मी इथे तज्ज्ञ म्हणून उभी नाही, अजून विद्यार्थिनीच आहे. समोर सर आणि बाई बसलेत, त्यामुळे ते सोयीचंही वाटतंय.

मागच्या वर्षी मी ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा आपल्यातल्या एकाने लगेच लिहिलं होतं, "काऊन वो, येड लागलं का तुले? दोन पोरं हायेत घरी." त्याखाली पंचवीस हसरे चेहरे आले. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव घेत नाही. पण प्रश्न रास्त होता. माझ्या आईने, नवऱ्याने आणि मुलीनेही तो वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. "काही होत नाही गं" हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही, कारण काही तरी होतं. कुठे होतं, कसं होतं आणि त्यासाठी मी काय करते, एवढंच आज सांगणार आहे.

आधी आकडे, कारण गणिताच्या बाईंनी आकड्याशिवाय बोलू नका असं शिकवलंय. अमेरिकेतली या खेळाची संघटना दर वर्षी हिशेब मांडते. २०२३ मध्ये तिथे सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि दहा माणसं गेली. सत्तरच्या दशकात उड्या कितीतरी कमी होत्या, तरी वर्षाला सरासरी चाळीसच्या आसपास माणसं जात. हा फरक साधनांनी आणि शिकवण्याच्या पद्धतीने घडवला. बिल बूथ नावाच्या माणसाने सत्तरच्या दशकात तीन कड्यांची एक साधी युक्ती काढली. मोठ्या कड्यातून मधलं, मधल्यातून लहान, आणि लहान कडं एका दोऱ्याच्या फासाने अडकवलेलं. प्रत्येक कडं तरफेसारखं काम करतं, त्यामुळे शरीराचा सगळा भार पेलूनही शेवटच्या फासावर ताण अगदी थोडा येतो. मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही तर उजव्या हाताने एक हँडल ओढायचं, तीनही कडी सुटतात आणि ते पॅराशूट उडून जातं. मग डाव्या हाताने दुसरं हँडल, की रिझर्व्ह उघडतं. आठवीतली तरफ कुणाला आठवते का बघा.

१९९१ मध्ये जर्मनीहून 'सायप्रेस' नावाचा एक छोटा संगणक आला. तो पाठीवरच्या पिशवीत बसून हवेचा दाब मोजत राहतो. जमीन साधारण साडेसातशे फुटांवर आली आणि माणूस अजूनही दगडासारखा खाली येतोय असं त्याला दिसलं, तर तो रिझर्व्हचा फास स्वतःच कापतो. माणूस बेशुद्ध असला तरी पॅराशूट उघडतं. अशा यंत्राने किती तरी जीव वाचले आहेत. मी कोड लिहिणारी बाई, दुसऱ्याच्या कोडवर सहजासहजी विश्वास ठेवत नाही, पण या कोडवर ठेवते.

आता गंमत अशी की, न उघडणाऱ्या पॅराशूटचा प्रश्न बराचसा सुटल्यावर माणसं उघडलेल्या पॅराशूटखाली मरू आणि मोडू लागली. डोक्यावर उत्तम पॅराशूट, एकही दोरा तुटलेला नाही, एकही भोक नाही, आणि माणूस जमिनीवर आदळतो. अपघातांची टिपणं मी नियमित वाचते. त्यातला फार मोठा वाटा असाच असतो. म्हणून माझा विषय पॅराशूट उघडल्यानंतरचा आहे. मोकळं पडणं जेमतेम पन्नास-पंचावन्न सेकंदांचं असतं. त्यानंतरची चार-पाच मिनिटं कुणी विचारत नाही.

सिनेमात दिसतं ते गोल छत्रीसारखं पॅराशूट आता खेळात कुणी वापरत नाही. आमचं चौकोनी असतं, आणि ते छत्री नसून पंख असतं. डोमिना जालबर्ट नावाच्या एका पतंग बनवणाऱ्या माणसाने साठच्या दशकात त्याचं पेटंट घेतलं. कापडाच्या कप्प्यांत पुढून हवा शिरते, कप्पे फुगतात आणि पंखाचा आकार तयार होतो. तो पंख तुम्हाला घेऊन ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेगाने पुढे पळत असतो, त्याच वेळी खाली उतरत असतो. ब्रेक लावून हवेत थांबता येत नाही. दोन्ही हातांत दोऱ्यांची दोन हँडलं असतात, त्यांना टॉगल म्हणतात. डावं ओढलं की डावीकडे, उजवं ओढलं की उजवीकडे. जमिनीजवळ दोन्ही एकदम ओढली की पुढचा वेग क्षणभर उचल देण्यात खर्च होतो आणि तुम्ही पायरीवरून उतरावं तसे उतरता. याला फ्लेअर म्हणतात. तो दहा-बारा फुटांवर करायचा असतो. आधी केला तर वर लटकून मग धपकन पडता, उशिरा केला तर काही सांगायची गरज नाही.

हा पंख किती मोठा घ्यायचा, हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. तिथे कापड चौरस फुटांत आणि वजन पौंडांत मोजतात. माझं वजन बावन्न किलो, अंगावरचं सगळं सामान अकरा किलो, मिळून त्रेसष्ठ, म्हणजे १३९ पौंड. त्याला पंखाच्या क्षेत्रफळाने भागायचं. माझं पॅराशूट १७० चौरस फुटांचं आहे, म्हणजे भागाकार शून्य पूर्णांक आठच्या किंचित वर. नवशिक्यांनी हा आकडा एकाच्या वर जाऊ देऊ नये, असा सर्वसाधारण संकेत.

शंभरेक उड्या झाल्या तेव्हा मी स्वतःचं सामान घ्यायला निघाले. एक विक्रेता म्हणाला, तुमच्यासारख्या हलक्या बाईने १३५ घ्यावं, भागाकार एकच येतो, नियमात बसतं, आणि १७० तुम्हाला तंबूसारखं मोठं वाटेल. हिशेब त्याचा बरोबर होता. मी तो घरी आणून पुन्हा मांडला. क्षेत्रफळ १७० वरून १३५ केलं तर वेग सुमारे बारा टक्क्यांनी वाढतो, आणि आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते म्हणून ती सव्वापट होते. हे झालं एक. दुसरी गोष्ट त्या भागाकारात कुठेच दिसत नाही, आणि ती मला आपल्या शाळेने दिली होती.

नववीत प्रयोगशाळेत आपण साध्या दोलकाचा प्रयोग केला होता. दोऱ्याला गोळा बांधायचा, वीस आंदोलनं मोजायची, स्टॉपवॉच एकच आणि पोरं पन्नास. सरांनी गोळा बदलायला लावला, लाकडाचा, मग लोखंडाचा, आणि आवर्तकाल बदलला नाही. दोरा आखूड केला तेव्हा बदलला. पॅराशूटखाली लटकलेला माणूस म्हणजे मोठा दोलकच, अगदी तंतोतंत नसला तरी जवळपास. लहान पॅराशूटचे दोरे आखूड असतात. त्यामुळे भागाकार तोच आला तरी पंख जेवढा लहान, तेवढा तो चटकन वळतो, चटकन झुकतो आणि चटकन उंची गमावतो. ऐंशी किलोचा माणूस भागाकार एक ठेवून जे पॅराशूट उडवतो ते सावकाश चालणारं असतं. तोच भागाकार ठेवून मी घेतलं असतं, ते मात्र तापट घोडं ठरलं असतं. बारीक चणीच्या बायकांना या खेळात लवकर लहान पॅराशूट दिलं जातं ते याच हिशेबाने, आणि हा हिशेब अर्धा आहे. मी १७० च घेतलं. आजही तेच आहे. माझ्यानंतर शिकलेली पोरं १२० वर गेली, मला 'एअरबस' म्हणून चिडवतात. चिडवू देत.

त्यातही एक खोच आहे. पाठीवरची पिशवी, म्हणजे कंटेनर, ठरावीक मापाच्या पॅराशूटसाठीच शिवलेली असते. साडी नेसताना निऱ्या कमी-जास्त करता येतात, इथे तसं चालत नाही. हौसेने लोक लहान कंटेनर घेतात, 'पुढे लहान पॅराशूट घेणारच आहे ना' म्हणून, आणि मग त्यात मावतं म्हणून लहान पॅराशूट आजच घेतात. निर्णय उडणाऱ्याऐवजी पिशवीने घेतलेला असतो. माझा सल्ला उलटा आहे. आधी मुख्य पॅराशूटचं माप ठरवा, मग रिझर्व्हचं, मग दोन्ही मावतील अशी पिशवी शोधा. जुनी असली तरी चालेल, पण रिगरने प्रत्येक शिवण पाहिलेली हवी.

रिझर्व्हच्या मापावर लोक सगळ्यात कमी विचार करतात. "ते कुठे रोज वापरायचंय?" अहो, ते ज्या दिवशी वापराल तो तुमचा वाईट दिवस असणार. उंची कमी उरलेली, उतरायची जागा अनोळखी, हात थरथरताहेत. आणि त्या छोट्या संगणकाने ते उघडलं असेल तर कदाचित तुम्ही बेशुद्ध असाल, टॉगल ओढायला कुणीच नाही. तेव्हा रिझर्व्ह असं हवं, की त्याने तुम्हाला तुमच्या मदतीशिवाय जमिनीवर ठेवलं तरी तुम्ही वाचाल. ते पॅक करायचं काम परवानाधारक रिगरचं. अमेरिकेत दर १८० दिवसांनी ते उघडून, तपासून पुन्हा भरावं लागतं आणि त्यावर रिगर स्वतःचं सील लावतो. मुख्य पॅराशूट मी स्वतः भरते. घड्या घालताना माझी मुलगी शेजारी बसते आणि म्हणते, "आई, चादरीच्या घड्या तू इतक्या नीट कधी घातल्या नाहीस."

बाकीचं थोडक्यात. कडक हेल्मेट, मनगटावर उंची दाखवणारं घड्याळ, कानाशी शिट्टी वाजवणारं दुसरं यंत्र. बूट साधे हवेत, वर हुक असलेले नकोत, दोरा अडकतो. हार्नेस अंगाला चपखल. हे सगळं विकत घेता येतं. यापुढचं विकत घेता येत नाही.

उतरण्याची पद्धत ठरलेली आहे. हजार फुटांवर वाऱ्याच्या दिशेने जायला लागायचं, सहाशे फुटांवर काटकोनात वळायचं, तीनशे फुटांवर पुन्हा काटकोनात वळून वाऱ्याला तोंड द्यायचं आणि मग सरळ. आकाशात आपल्यासारखे वीस जण असतात, सगळ्यांनी हीच चौकट पाळली तर कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. तीनशे फुटांनंतर मोठं वळण नाही. कारण वळताना पंख एका अंगावर झुकतो आणि खाली झेपावतो. संक्रांतीला आपला पतंग गोता खायचा आठवतो? अगदी तसं. वर असताना गोता खाल्ला तर पतंग सावरतो. छपराजवळ खाल्ला तर फाटतो.

इलॉयच्या आसपास कापसाची शेती आहे, हे ऐकून यवतमाळकरांना बरं वाटेल. पहिल्यांदा वरून पाहिलं तेव्हा मला क्षणभर आपलंच शिवार वाटलं होतं. फरक एवढाच, की तिथे पाणी पाटातून येतं आणि रांगा फूटपट्टीने आखल्यासारख्या असतात. उन्हाळाही आपल्यासारखाच, किंवा आपल्याहून कडक. बेचाळीस अंशांत हवा इतकी विरळ होते की दीड हजार फूट उंचीवरचं ते मैदान पंखाला पाच हजार फुटांसारखं वाटतं. त्याच पॅराशूटचा वेग सात-आठ टक्क्यांनी वाढतो आणि फ्लेअर थोडा दुबळा पडतो. शिवाय तिथे वावटळी उठतात, आपल्याकडे एप्रिलमध्ये उठतात तशाच. लहानपणी आपण त्यात धावत जायचो. पॅराशूट वावटळीत सापडलं तर पंख कोलमडू शकतो, म्हणून जमिनीवर धूळ फिरताना दिसली की आम्ही विमानात बसतच नाही. अडचण येते ती न दिसणाऱ्या वाऱ्याची.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात असा वारा मला भेटला. मी तीनशे फुटांवर शेवटचं वळण घेतलं तेव्हा समोर लावलेलं वाऱ्याचं मोजं माझ्याकडे फडकत होतं, म्हणजे वारा समोरून. साधारण दीडशे फुटांवर ते मोजं लोंबलं, आणि मग उलटं फिरलं. वारा पाठीमागून आला. हिशेब सोपा आहे. पंखाचा वेग ताशी पस्तीस, वारा पंधराचा. समोरून असता तर जमिनीवरचा वेग वीस. पाठीमागून आल्यावर पन्नास. ऊर्जेत सहापटीहून जास्त फरक. खालचं गवत इतक्या वेगाने मागे जायला लागलं की हात आपोआप टॉगल ओढायला निघाला. अंगातला प्रत्येक स्नायू सांगत होता, वळ, वाऱ्याकडे तोंड कर.

दीडशे फुटांवरून अर्धं वर्तुळ वळून सरळ होईपर्यंत माझ्याकडे उंची उरली नसती. एका दुसऱ्या राज्यातला माझ्या ओळखीचा एक जण नेमका असाच वळला होता. पाचशेहून जास्त उड्या झालेला, हुशार, पॅराशूट माझ्यापेक्षा खूप लहान. मांडीचं आणि कंबरेचं हाड मोडलं. वाचला, आठ महिन्यांनी काठी घेऊन चालायला लागला. तो मला म्हणाला होता, "वळायचं नाही हे मला माहीत होतं. हातांना माहीत नव्हतं." म्हणून गेली दोन वर्षं मी प्रत्येक उडीआधी विमानात डोळे मिटून तेच घोकत असे: पंख सपाट, जागा मोकळी, फ्लेअर निदान अर्धा तरी, आणि मग लोळण. हा क्रम शिकवताना पहिल्या दिवशीच पाठ करून घेतात. वाऱ्याला तोंड देणं या चार गोष्टींत नाहीच, ते त्यानंतरचं. आपल्याकडे पाढे घोकायला लावत, त्याचा उपयोग काय असं आपण विचारायचो. उपयोग हा.

मी वळले नाही. हात दोन्हीकडे सारखे ठेवले, समोर मोकळं गवत होतं, नेहमीच्या उंचीवर दोन्ही टॉगल पूर्ण ओढले आणि पाय जुळवून टेकवले. उभं राहायचा प्रयत्नच केला नाही. पावलं, पोटरी, मांडी, नितंब, आणि मग पाठीतून विरुद्ध खांद्याकडे, अशी लोळण घेतली. सैनिक शिकतात तीच. धक्का एका सांध्यावर न येता अंगभर वाटला जातो. पंधरा-वीस फूट घसरत गेले, कोपर सोललं, तोंडात माती गेली. चव आपल्या मैदानाच्या मातीपेक्षा खारट.

माझी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची, कुंपणापाशी उभी होती. बाकी सगळे छान उभे राहून उतरले होते, तिची आई मात्र सगळ्यांसमोर लोळत आली. गाडीत तिने विचारलं, "तू पडलीस का?" मी म्हटलं, "नाही, उतरले." तिला ते पटलं नाही. मग घरी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन मी तिला दोन्ही आकडे मांडून दाखवले, वळले असते तर आणि न वळता. तिने नीट पाहिलं आणि म्हणाली, "मग बाकीच्यांनी टाळ्या तुला वाजवायला हव्या होत्या." त्या संध्याकाळनंतर घरात 'येड लागलं का' हा प्रश्न निघालेला नाही. काळजी आहेच, ती राहील. पण ती आता वाऱ्याचा अंदाज विचारते, आणि तो वीसच्या वर असला तर मी जात नाही. तिच्यासमोर तसं कबूल केलंय.

आपल्यातल्या काही जणांना आणि मुख्यतः त्यांच्या मुलांना एकदा उडी मारून बघायची आहे, असं कालपासून कानावर येतंय. दुबईला पाम बेटावर जाणारे बरेच आहेत. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तेही बऱ्याच जणींनी पाहिलंय. पण त्यांच्यामागे शेकडो उड्यांची तयारी होती, आपण पंजाबी ड्रेसवर किंवा पँटवरच जाऊ. पहिली उडी टँडम असते, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून. निर्णय सगळे त्याचे. तुमचं काम दोनच गोष्टी: बाहेर पडताना केळ्यासारखी कंबर पुढे काढायची, आणि उतरताना तो सांगेल तेव्हा दोन्ही पाय गुडघ्यात न वाकवता जमतील तेवढे वर उचलायचे. दुसरी गोष्ट गमतीची वाटते, पण टँडममध्ये घोटे मोडतात ते पाय खाली सोडल्यामुळे. हॉटेलात जमिनीवर बसून, पाय सरळ समोर उचलून दहा सेकंद धरता येतात का बघा. येत नसतील तर महिनाभर सराव करून जा. वजन खरं सांगा, त्यावर त्याचा भागाकार अवलंबून आहे. आणि वारा जास्त आहे म्हणून त्यांनी उडी रद्द केली तर पैशांवरून भांडू नका. रद्द करणारी माणसं चांगली.

माझं सगळं सामान मी बरोबर आणलंय. चहाच्या सुट्टीत समोरच्या टेबलावर ठेवते, हात लावून बघा, तीन कडी उघडून दाखवते. फक्त डाव्या बाजूचं ते चांदीसारखं चकाकणारं हँडल कुणी ओढू नका, विशेषतः तिसऱ्या रांगेतल्यांनी. रिझर्व्ह बाहेर आलं तर ते पुन्हा भरणारा रिगर यवतमाळात कुठे सापडणार?